कार्बन सॅडल, काही महिन्यांच्या वापरानंतर: शेल कार्बनचं घ्या, रेल धातूची

माझ्या सायकलच्या कार्बन सीटच्या रेलवर (रेल म्हणजे सीटखालच्या दोन दांड्या, ज्या सीटपोस्टच्या, म्हणजे सीट ज्या नळीवर बसते तिच्या, क्लॅम्पमध्ये आवळतात) पडलेला तडा "चुकीच्या क्लॅम्पिंगमुळे" आहे, सबब वॉरंटी लागू नाही, असं कंपनीचं शेवटचं उत्तर नुकतंच आलं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. या किमतीच्या बहुतेक कार्बन सीट्सच्या माहितीपत्रकात तीच अर्धवट माहिती असते, त्यामुळे एका नावाने काही साधणार नाही. पण जे कोणी सध्या वजनाचे आकडे शेजारी शेजारी मांडून सीट निवडत असतील, त्यांनी हे वाचावं. आधीच सांगते, सीट मला आवडली आहे. तडा गेल्यावर मी तीच सीट, त्याच मापाची, पुन्हा घेतली. फक्त कार्बनऐवजी धातूच्या रेलची.

सीट कशी आहे ते थोडक्यात. शॉर्ट-नोज (आखूड नाकाची), 143 मिमी रुंद, कार्बन मिसळलेलं शेल (पॅडिंगखालचा सीटचा कडक साचा), त्यावर पातळ पॅडिंग, मध्ये लांब कट-आउट (आरपार फट), खाली 7×9 मिमीच्या कार्बन रेल. वजन साधारण 160 ग्रॅम. सायकलसोबत आलेली मूळ सीट स्टीलच्या रेलची, 300 ग्रॅमच्या आसपास होती. म्हणजे वाचले 140 ग्रॅम. बाटलीत 140 मिली पाणी कमी भरलं तरी तेवढंच वजन उतरतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. सायकल शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना यूसीआय हिने 2000 सालापासून शर्यतीच्या सायकलला किमान 6.8 किलोची मर्यादा घातली आहे. आता व्यावसायिक संघांच्या सायकली त्या मर्यादेपाशी सहज पोहोचतात. आपल्यासारख्यांनी सीटच्या दहा-वीस ग्रॅमवर झोप घालवायचं काही कारण नाही. कार्बन सीट घ्यायची तर शेलसाठी घ्यावी.

शेल म्हणजे काय, ते आधीच्या सीटवरून उतरल्यावर कळलं. जाड, मऊ सीटवर पहिली पंधरा-वीस मिनिटं मजेत जातात. मग बैठकीची हाडं फोममध्ये रुततात, आणि दोन हाडांच्या मधला फोम वर येऊन नेमक्या नाजूक जागी दाबतो. बधिरपणा येतो तो तिथून. त्या भागातून जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या दाब सोसण्यासाठी नाहीत, हाडं मात्र आहेत. पातळ पॅडिंगच्या, योग्य रुंदीच्या सीटवर सगळा भार हाडांवर राहतो. चांगलं शेल हाडांखाली किंचित लवतं आणि नाकाशी ताठ राहतं. थर कुठे किती द्यायचे हे ठरवता येत असल्याने कार्बनमध्ये हे छान साधतं.

रुंदीबद्दल मात्र थोडं रागानेच लिहिते. मी बाई आहे म्हणून दुकानात न विचारता 155 मिमीची "लेडीज" सीट पुढे केली गेली होती. बायकांचं माप सरासरीने रुंद असतं हे खरं आहे, पण सीटवर सरासरी बसत नाही. घरी कडक स्टुलावर खाचांचा पुठ्ठा ठेवून, पाय थोडे उचलून, पुढे वाकून बसले. पुठ्ठ्यात पडलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांतलं अंतर भरलं 112 मिमी. त्यात वीस ते तीस मिमी मिळवले की 143 च्या जवळ येतं. 155 ची सीट चाचणीला आणली तेव्हा प्रत्येक पॅडलला मांडीच्या आतली बाजू कडेला घासत होती. आणखी एक गोष्ट, तुम्ही जितके पुढे वाकून चालवता तितका टेकण्याचा भाग हाडांच्या पुढच्या, अरुंद बाजूकडे सरकतो. सरळ बसून चालवणाऱ्याला तीच सीट अरुंद वाटेल. त्यामुळे दुसऱ्याच्या पसंतीवरून सीट घेऊ नका, माझ्याही.

पॅडिंगबद्दलचं माझं मत मध्यंतरी पूर्ण बदललं. पहिल्या काही आठवड्यांत मी मैत्रिणींना सांगत होते की ही सीट दोन-अडीच तासांपुरती ठीक, त्यापुढे नको. बैठकीची हाडं ठणकायची. तो ठणका हळूहळू गेला. हाडांवरच्या ऊतींना नव्या जागी भार घ्यायची सवय लागते, तेवढा वेळ द्यावा लागतो. बधिरपणा मात्र सवयीने जात नाही. तो येत असेल तर सीटचा आकार, तिरपेपणा किंवा उंची बदलायलाच हवी, सहन करत बसू नये. आता शंभर किलोमीटरच्या पुढेही मी या सीटवर तक्रारीविना बसते, आणि घरातल्या दुसऱ्या सायकलची मऊ सीट नकोशी वाटते.

बसवताना दोन गोष्टी सांभाळल्या. रेलपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची प्रत्येक सीटला वेगळी असते, म्हणून जुन्या सीटपोस्टवर खूण करून नवी सीट त्याच खुणेला लावली तर पायांची पोहोच बदलते. बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस ज्यात फिरतो त्या भागाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजून लावावी. आणि शॉर्ट-नोज सीटचं नाक जुन्या सीटच्या नाकाच्या जागी आणू नये. यूसीआयच्या नियमात सीटची लांबी किमान 24 सेंमी आहे, शॉर्ट-नोज सीट्स त्याच मर्यादेला टेकून बनवतात. जुन्या सीट 27-28 सेंमीच्या असायच्या. तो फरक सगळा नाकात असतो. दोन्ही सीट जिथे 80 मिमी रुंद होतात ती रेषा जुळवली की बैठक जागेवर येते.

आता क्लॅम्प. सीटच्या चर्चेत याला कोणी दोन ओळींपेक्षा जास्त देत नाही, मी देणार आहे.

धातूच्या रेल गोल, 7 मिमीच्या असतात आणि जवळपास सगळीकडे त्याच. कार्बनच्या रेल लंबगोल असतात. वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून 7 ची उंची 9 केली की तो दुपटीहून जास्त होतो. कार्बन रेल उंच करतात ती यासाठी. पण हे माप सगळ्यांचं एक नाही. स्पेशलाइज्डच्या रेल 7×9, प्रोलोगोच्या 7×9.3, फिझिकच्या 7×10. सीटपोस्टचा क्लॅम्प वरून-खालून धरणारा असेल तर रुंदी 7 च असल्याने बहुधा निभावतं. बाजूंनी आवळणारा असेल तर गोल रेलसाठी केलेले जबडे लंबगोल रेलला दोन बारीक कडांवरच धरतात. कार्बनचे धागे रेलच्या लांबीने जातात. लांबीच्या दिशेने ताण सोसण्यात त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. आडवा दाब मात्र मुख्यतः धाग्यांना चिकटवून ठेवणाऱ्या राळेवर (रेझिनवर) येतो, आणि राळ चिरडते.

माझ्या सीटपोस्टसाठी 7×9 चे वेगळे जबडे मिळतात, तेच मागवून लावले होते. सीटच्या कागदावर लिहिलं होतं "कमाल 8 न्यूटन मीटर". टॉर्क रेंचने 8 च्या आत लावलं. मग तडा का पडला?

मी यावर बरीच डोकेफोड केली. न्यूटन मीटर हे बोल्ट किती जोराने फिरवला त्याचं माप आहे. रेलवर किती दाब आला ते त्यातून परस्पर कळत नाही. त्याच 8 न्यूटन मीटरला एम6 (6 मिमी जाडीचा) बोल्ट साधारण 6,700 न्यूटनने ओढतो, एम5 (5 मिमीचा) बोल्ट 8,000 न्यूटनने. बोल्टला ग्रीस असेल तर आकडा आणखी वर जातो. क्लॅम्पला एक बोल्ट की दोन, जबडा 30 मिमी लांब की 45 मिमी, यावर तोच दाब रेलच्या किती भागावर पसरतो ते ठरतं. यातलं काहीही सीटच्या कागदावर नाही. नुसता "8 न्यूटन मीटर" हा आकडा, कुठला बोल्ट, किती लांबीचा जबडा हे न सांगता, ग्राहकाच्या काही कामाचा नाही. तो कंपनीच्या कामाचा आहे, वॉरंटी नाकारायला.

सुरुवात करकरीने झाली. बसून चढ चढताना डाव्या पॅडलला करकर, उभं राहिलं की बंद. करकर म्हटली की सगळे आधी बॉटम ब्रॅकेटवर घसरतात. उभं राहिल्यावर आवाज थांबत असेल तर आधी सीट उतरवा. मी उतरवली तर डाव्या रेलवर, जबड्याची पुढची कड जिथे येते बरोबर तिथे, केसाएवढी रेघ. सीट लावलेली असताना ती दिसणं शक्यच नव्हतं.

फोटो पाठवले. सीटच्या कंपनीने क्लॅम्पकडे बोट दाखवलं. क्लॅम्पच्या कंपनीने कळवलं की जबडे 7×9 साठीच आहेत, रेलच्या मजबुतीचं सीटवाल्यांना विचारा. मी सीटवाल्यांना लेखी विचारलं की या रेलला कुठल्या लांबीचा जबडा चालतो आणि तुमचा 8 चा आकडा कुठल्या बोल्टसाठी आहे. चार वेळा पत्रव्यवहार झाला, या दोन प्रश्नांना उत्तर नाही. शेवटी "सदिच्छा म्हणून" नव्या सीटवर सवलत देऊ केली. ज्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही त्याची भरपाई माझ्याच पैशाने करायची ही रीत मला मान्य नाही, आणि तसं मी लिहून कळवलं. पण माझ्या मापाला बसलेला आकार दुसरीकडे शोधत बसण्यात आणखी पैसे गेले असते. म्हणून सवलत घेतली आणि धातूच्या रेलची आवृत्ती मागवली. तिची किंमत कार्बन रेलवाल्या सीटच्या निम्म्याहून थोडी जास्त आहे.

वजन वाढलं 50-55 ग्रॅमने. बैठकीत फरक? शेल तेच, पॅडिंग तेच, कट-आउट तेच. खडबडीत रस्त्यावर कार्बन रेल कंप शोषून घेतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी त्याच रस्त्यांवर, त्याच टायरवर दोन्ही चालवल्या, मला काही जाणवलं नाही. टायरमधली हवा थोडी कमी केली तर जो फरक पडतो त्यापुढे रेलचा फरक उरतच नाही. 25 मिमीच्या टायरवरून 28 वर गेलात तर सीटबद्दलच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतील. आता गोल रेल, साधे जबडे. वाटेत कुठल्याही ॲलन कीने सीट सरळ करता येते आणि धाकधूक वाटत नाही.

पॅडिंग अजिबात नसलेल्या, शंभर ग्रॅमच्या आतल्या पूर्ण कार्बन सीटबद्दल विचारणारे बरेच भेटतात. सेले इटालियाची एसएलआर सी59 तर 61 ग्रॅमची म्हणून गाजली होती. माप अचूक जुळलं तर तशा सीटवर बसता येतं, फक्त चूक झाकायला तिथे फोम नसतो. अशा अनेक सीटना चालवणाऱ्याच्या वजनाची मर्यादा असते, ती आधी पाहा. बिननावाच्या स्वस्त सीटवर "3के" असं मोठ्याने छापलेलं असतं, त्याला भुलू नका. 3के म्हणजे एका पेडात 3,000 तंतू, इतकंच. वरची चौकटीची वीण बहुतेक वेळा शोभेची असते. आतले थर कसे रचलेत ते तिच्यावरून कळत नाही.

ज्यांच्याकडे कार्बन रेल आहेत आणि ज्या चांगल्या चालल्यात, त्यांनी घाबरून टाकून द्यायची गरज नाही. अधूनमधून क्लॅम्प पूर्ण उघडून जबड्याखालची जागा उजेडात पाहा, सीट मागेपुढे सरकवली असेल तर नक्कीच. सीटखालच्या पिशवीच्या पट्ट्यात वाळूचे कण अडकले की रेल कानसल्यासारखी झिजते, तिथे टेपचा एक वेढा द्या. रेलवरच्या खुणांच्या बाहेर क्लॅम्प लावू नका, तिथे रेल वळायला लागलेली असते. वरच्या लकाकीवरचा चरा आणि आतला तडा नखाने चाचपून ओळखता येतो: रेघेत नख अडकलं किंवा दाबल्यावर ती हलली, तर ती सीट त्याच दिवशी काढा. धातूची रेल मोडण्याआधी बहुधा वाकते आणि इशारा देते. कार्बन सरळ तुटतं, आणि तुटलेलं टोक मांडीच्या आतल्या बाजूला येतं.