मिशिगनच्या दंतशाळेची नूतन इमारत: एका निवृत्त दंतवैद्येचा अभिप्राय

मिशिगन विद्यापीठाच्या दंतवैद्यक महाविद्यालयात मी गेल्या उन्हाळ्यात तीन वेळा गेले. तिन्ही वेळा यजमान बरोबर होते, कारण मुलाकडे अमेरिकेत अ‍ॅन आर्बरला, म्हणजे या विद्यापीठाच्याच गावी, आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या खालच्या दाढेची जुनी कॅप निघाली. प्रवासासाठी काढलेल्या विम्यात हा उपचार बसत नव्हता आणि विद्यार्थ्यांच्या हातून होणाऱ्या उपचारांचे दर खासगी दवाखान्यांपेक्षा कमी असतात, एवढ्याच हिशेबाने आम्ही तिथे गेलो. पुण्यात चौतीस वर्षे मी दातांचा दवाखाना चालवला असल्याने माझे लक्ष मात्र कॅपपेक्षा इमारतीकडेच अधिक राहिले, आणि हा अभिप्रायही मुख्यतः तिच्याविषयी आहे.

महाविद्यालयाची स्थापना १८७५ सालची. अमेरिकेत राज्य विद्यापीठाने काढलेली ही पहिली दंतशाळा. आजच्या वास्तूचा सर्वांत जुना भाग म्हणजे १९४० ची केलॉग इमारत, आणि तिला जोडून उभी असलेली मुख्य इमारत १९७१ साली पूर्ण झाली. त्या काळी दंतवैद्य सर्रास उघड्या हातांनी काम करीत, कारण हातमोज्यांची सक्त सवय एड्सच्या साथीनंतर, म्हणजे १९८० च्या दशकात लागली. क्ष-किरणांच्या फिल्म अंधाऱ्या खोलीत धुतल्या जात, आणि प्रत्येक खुर्चीशेजारी संगणक लागेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. अशा काळासाठी बांधलेल्या इमारतीने जवळजवळ पन्नास वर्षे काम दिले आणि मग सुमारे १४ कोटी डॉलर खर्चाचे नूतनीकरण हाती घेण्यात आले. त्यातले ३ कोटी डॉलर राज्य सरकारचे होते. सुमारे ४८,००० चौरस फुटांची नवी भर पडली, जुन्यातले पावणेदोन लाख चौरस फुटांहून अधिक क्षेत्र नव्याने घडवले गेले, आणि २०१८ मध्ये सुरू झालेले हे काम २०२२ मध्ये पुरे झाले.

दंतमहाविद्यालय जुने होते म्हणजे नेमके काय होते, हे बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. भिंतींचा रंग उडणे ही त्यातली सर्वांत किरकोळ गोष्ट. दातांच्या प्रत्येक खुर्चीला खालून पाणी लागते, सांडपाणी वाहून नेणारी नळी लागते, ड्रिल फिरवण्यासाठी कॉम्प्रेसरची कोरडी हवा लागते, तोंडातले पाणी आणि रक्त ओढून घेणारे सक्शन लागते, वीज लागते आणि आता संगणकाची तारही लागते. हे सगळे फरशीखालून येत असल्यामुळे खुर्ची दोन फूट सरकवायची म्हटली तरी स्लॅब फोडावा लागतो आणि खालच्या मजल्याच्या छताला हात लावावा लागतो. चार खुर्च्यांच्या दवाखान्यात मी हे एकदा केले तेव्हा तीन आठवडे कुलूप लावावे लागले होते. इथे खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. शिवाय सांडपाणी थेट गटारात सोडता येत नाही, कारण जुन्या चांदीच्या फिलिंगमध्ये पारा असतो आणि तो अडवण्यासाठी मध्ये वेगळे यंत्र बसवावे लागते. बारीक नळ्यांत पाणी साचून राहिले की आतून जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, म्हणून त्या नळ्या वेळच्या वेळी धुवाव्या व निर्जंतुक कराव्या लागतात, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या नळजोडणीत ही सोय नंतर घालणे फार अवघड असते. अशा इमारतीचा बहुतेक पैसा जिथे कोणाची नजर जात नाही अशा जागी जातो, आणि तो तिथे गेला पाहिजे.

म्हणूनच मला सर्वांत मोठे कौतुक वाटते ते दवाखाने आणि वर्ग चालू ठेवून टप्प्याटप्प्याने काम केल्याचे. मधल्या काळात करोनाची साथ आली, २०२० च्या मार्चमध्ये तातडीचे उपचार वगळता रुग्णसेवा थांबवावी लागली, तरीही एकूण योजना कोलमडली नाही. मी ज्या महाविद्यालयात शिकले तिथे एका विभागाची दुरुस्ती निघाली तेव्हा अर्ध्या कवळीचे माप दिलेले म्हातारे रुग्ण कित्येक महिने येऊन परत जात असत. त्यातले एक आजोबा बसभाड्याचे सुटे पैसे मोजत पायरीवर बसलेले मला अजून आठवतात. बांधकामाच्या आराखड्यात रुग्ण धरलेला आहे की नाही, हे अशा वेळी कळते.

आता प्रत्यक्ष अनुभवाकडे येते. आत शिरल्यावर अनेक मजल्यांच्या उंचीचे उजेडाचे प्रांगण लागते, आणि नवख्या माणसाला कुठे जायचे हे तिथे उभे राहून समजते. पहिल्या भेटीत नोंदणी, आजारांची आणि औषधांची सविस्तर चौकशी आणि क्ष-किरण तपासणी झाली. यजमानांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हे विद्यार्थिनीने लिहून घेतले आणि तिच्या प्राध्यापकांनी पुन्हा स्वतंत्रपणे विचारले. दुसऱ्या भेटीत दाढ साफ करून माप घेतले, तिसऱ्या भेटीत कॅप बसली. प्रत्येक पायरीवर विद्यार्थिनी थांबे, प्राध्यापक येऊन पाहत आणि त्यांनी होकार दिल्यावरच काम पुढे सरके. त्यामुळे माझ्या हातून पाऊण तासात झाले असते अशा कामाला जवळपास तीन तास लागले. शिकवणाऱ्या दवाखान्यात वेळ असाच लागतो आणि लागलाच पाहिजे. ज्यांना तो देणे शक्य नाही त्यांनी खासगी दवाखाना गाठावा.

या तीन तासांत खुर्चीच्या कप्प्याचा आकार किती मोलाचा असतो हे जाणवले. रुग्ण, विद्यार्थिनी, मदतनीस, प्राध्यापक आणि कोपऱ्यात मी, अशी पाच माणसे असूनही कोणाचा कोपर कोणाला लागला नाही. शेजारच्या रुग्णाच्या आजाराची चर्चा आमच्या कानांवर पडली नाही. आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागात दहा जणांसमोर तोंड उघडून बसावे लागते आणि स्त्रिया तंबाखूची सवय सांगायला संकोचतात, हे मी इंटर्न असताना रोज पाहिले आहे. कर्करोगाची पहिली खूण अशा न सांगितलेल्या उत्तरात दडून राहते.

विशेष गरजा असलेल्या रुग्णांसाठीचा स्वतंत्र दवाखाना हा या विस्ताराचा मला सर्वाधिक भावलेला भाग. स्वमग्न मुले, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेली माणसे, चाकाच्या खुर्चीवरचे वृद्ध, यांच्यासाठी तो योजलेला आहे. अमेरिकेत दंतशिक्षणाला मान्यता देणाऱ्या आयोगाने २०१९ साली आपले मानक बदलले: अशा रुग्णांच्या उपचारांची गरज ओळखता येणे पूर्वी पुरे होते, आता ते उपचार हाताळण्याची क्षमताही पदवीधराकडे असावी लागते. जागाच नसेल तर हे शिकवणार कुठे? माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून मेंदूचा पक्षाघात होता. त्याची दाढ दुखू लागली की वडील त्याला उचलून एका दवाखान्याचे दोन जिने चढत, आणि वर गेल्यावर तो स्थिर बसत नाही म्हणून तसेच परत पाठवले जाई. पुढे मी हाच व्यवसाय निवडला त्याला तो जिना कारण आहे. त्यामुळे या दवाखान्याच्या दाराशी मी जरा जास्तच वेळ उभी राहिले.

वरच्या मजल्यांवरील संशोधनशाळा मी पाहिल्या नाहीत. दंतवैद्यकाचे सिंडेक्यूज संग्रहालय मात्र याच इमारतीत आहे. वाट पाहताना जुन्या खुर्च्या आणि हत्यारे पाहण्यात वेळ सहज जातो.

मुंबईत १९३३ साली सुरू झालेल्या नायर रुग्णालय दंत महाविद्यालयाच्या अकरा मजली विस्तारित इमारतीचे उद्घाटनही २०२२ मध्येच झाले. तिथे जाऊन याच नजरेने पाहण्याचा माझा विचार पक्का आहे.

डेट्रॉइट परिसरातील मराठी कुटुंबांनी, विशेषतः भारतातून आईवडील येणार असतील तर, या दवाखान्याचा जरूर विचार करावा. इमारत विद्यापीठाच्या मध्य परिसरात असल्याने गाडी लावायला वेळ हाताशी ठेवावा. चालू औषधांची यादी आणि जुने क्ष-किरण बरोबर न्यावेत, मधुमेही व्यक्तीने वेळेवर खाऊन जावे, आणि मुक्काम संपत आला असेल तर पहिल्याच भेटीत परतीची तारीख सांगावी, म्हणजे पुढच्या भेटी तिच्या आत बसवता येतात. आम्ही ती सांगितली होती, आणि विमानाच्या सहा दिवस आधी कॅप बसली.