हद्दवाढ की भागीदारी?

पुण्याभोवती वस्ती वाढली की दोन वाटा दिसतात: शेजारची गावं महापालिकेत घ्यायची, नाहीतर आपापली हद्द राखून एखादं काम मिळून करायचं.

पहिल्या वाटेने २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. क्षेत्रफळात ती मुंबई महापालिकेच्याही पुढे गेली. तक्रार न्यायला एकच दार, हा मोठा फायदा. पण मिळकतकराची बिलं लवकर येतात, पाणी मात्र टँकरनेच येत राहतं. शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसलेली उरुळी देवाची आणि फुरसुंगी शेवटी बाहेर पडली; २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. मला यात गावकऱ्यांची चूक दिसत नाही.

दुसऱ्या वाटेचं उदाहरण रोज रस्त्यावर धावतं. २००७ मध्ये पुण्याची बससेवा पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र येऊन पीएमपीएमएल ही एकच बससेवा झाली. खर्चाचा भार पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ६०:४० असा वाटला गेला. निगडीहून स्वारगेटला जाताना हद्द कुठे संपली ते कळतही नाही. पैसे कोणी किती द्यायचे, हा वाद मात्र अधूनमधून डोकं वर काढतो. तरीही बससाठी मी हीच वाट निवडेन.

नदीसाठी तर नक्कीच. पवना पिंपरी-चिंचवडमधून येऊन दापोडीजवळ मुळेला मिळते आणि तेच पाणी पुढे पुण्यात येतं. वरच्या अंगाला सांडपाणी सुटलं, तर खाली पुण्याने एकट्याने कितीही प्रकल्प बांधले तरी भागणार नाही. २०१५ पासून पुणे महानगर प्रदेशाचं नियोजन करणारी पीएमआरडीए ही सरकारी संस्था आहे. दोन्ही महापालिकांना नदीसाठी एका टेबलावर बसवण्याचं काम तिने अंगावर घ्यावं.