ॲड्रेसेबल एलईडी स्ट्रिप: आठ महिने वापरल्यावर

टेबलामागच्या भिंतीवर ५ मीटरची स्ट्रिप लावून आता आठ महिने झाले. मीटरला ६० म्हणजे एकूण ३०० एलईडी, चिप डब्ल्यूएस२८१२बी, ५ व्होल्टवाली, सोबत ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि त्यावर डब्ल्यूएलईडी, म्हणजे स्ट्रिप चालवणारं मोफत सॉफ्टवेअर. पहिल्या आठवड्यात मी दिसेल त्याला व्हिडिओ पाठवत सुटलो होतो, तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर नुसतं कौतुकच झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबलो. आता नवलाई उतरलीये, दोनदा सोल्डरिंग गन काढून झालीये, एकदा घरच्यांच्या शिव्या खाऊन झाल्यात, तर लिहायला हरकत नाही.

आधी हे साध्या स्ट्रिपपेक्षा वेगळं काय ते सांगतो, कारण बरेच जण इथेच चुकीची वस्तू घेऊन बसतात. साधी आरजीबी (लाल-हिरवा-निळा) स्ट्रिप अख्खी एकाच रंगात पेटते. ॲड्रेसेबलमध्ये प्रत्येक एलईडीच्या पोटात स्वतःची छोटी चिप असते आणि डेटाची वायर एकच. वर्गात पहिल्या बाकावरचा पोरगा आपला एक पेपर काढून घेतो आणि गठ्ठा मागे सरकवतो ना, अगदी तसं, पहिला एलईडी आपले २४ बिट ठेवून घेतो आणि उरलेलं पुढच्याला देतो. एका एलईडीच्या डेटाला साधारण ३० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ३०० ला ९ मिलिसेकंद, त्यामुळे सेकंदाला शंभरेक फ्रेम हीच एका वायरीची कमाल. घरगुती वापराला भरपूर झालं. पण एक मेख आहे, मधल्या एकाने गठ्ठा पुढे दिला नाही की त्याच्या मागचे सगळे कोरे. त्याचा किस्सा पुढे येतोच.

याआधी माझ्याकडे तयार किट होतं, ब्लूटूथ कंट्रोलर आणि मोबाइलचं ॲपवालं. कंपनीचं नाव घेत नाही, पण रंग बदलायला लोकेशनची परवानगी आणि अकाउंट कशाला लागतं हे मला अजून कळलेलं नाही. दोन आठवड्यांत ते ड्रॉवरमध्ये गेलं.

डब्ल्यूएलईडी टाकणं खरंच सोपं निघालं. बोर्ड यूएसबीने कॉम्प्युटरला जोडला, क्रोममध्ये त्यांचं इन्स्टॉलरचं पान उघडलं, पोर्ट निवडला, बटण दाबलं, झालं. मग बोर्ड स्वतःचं वायफाय सोडतो, त्याला मोबाइल जोडून ४.३.२.१ हा पत्ता उघडायचा आणि घरच्या वायफायचा पासवर्ड द्यायचा. अकाउंट नाही, क्लाउड नाही, इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात चालू. पहिल्यांदा लाल दिला तर हिरवा पेटला, मला वाटलं स्ट्रिपच गंडलेली आलीये. नंतर कळलं की हिच्यात रंगांचा क्रम हिरवा-लाल-निळा असा असतो, सेटिंगमध्ये क्रम बदलला की दोन सेकंदांत ठीक. एवढं सगळं धरून अर्धा तास. आणि मग पुढचे तीन वीकेंड गेले वायरीत.

पॉवरचं गणित आधी करा, मी नंतर केलं. फुल पांढऱ्यावर एक एलईडी साधारण ६० मिलिॲम्पिअर खातो, ३०० म्हणजे १८ ॲम्पिअर, ५ व्होल्टला ९० वॉट. मी आणला १० ॲम्पिअरचा सप्लाय, कारण दुकानदार म्हणाला "आरामात चालेल". चालला, पण कसा चालला ते बघा. सगळी स्ट्रिप पांढरी केली, सुरुवातीचा भाग पांढराशुभ्र, मध्यापासून पिवळट, आणि शेवटचा हातभर तुकडा चक्क लालसर तांबूस. मल्टिमीटर लावला तर सुरुवातीला ४.९ व्होल्ट आणि शेवटी ३.४. स्ट्रिपमधली तांब्याची पट्टी इतकी पातळ असते की करंट पुढे जाता जाता व्होल्टेज गळतं, आणि निळ्या-हिरव्याला पेटायला लालपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून ते दोघं आधी मान टाकतात आणि लाल एकटा उरतो. त्या शेवटच्या तुकड्याकडे मी अर्धा तास नुसता बघत बसलो होतो, वाटलं डिफेक्टिव्ह पीस आलाय. तेवढ्यात सप्लायपासून आलेल्या वायरीला सहज बोट लागलं तर चांगलीच तापलेली. मी घरात पडलेली मोबाइल चार्जरची वायर कापून लावली होती, हे कबूल करायला लाज वाटते पण कुणीतरी हेच करणार आहे म्हणून सांगतोय. करू नका.

उपाय म्हणजे जाड वायर आणि पॉवर इंजेक्शन, म्हणजे सप्लायमधून वेगळ्या जाड वायरी काढून स्ट्रिपच्या मध्यात आणि शेवटी पुन्हा ५ व्होल्ट आणि ग्राउंड द्यायचं. सप्लायच्या तोंडाशी फ्यूज टाकला. डेटाच्या वायरीत पहिल्या एलईडीजवळ ३३० ओहमचा रेझिस्टर आणि पॉवरवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, हे तर सगळेच सांगतात, मीही सांगतो. शिवाय डब्ल्यूएलईडीमध्ये करंटची मर्यादा घालता येते, तुम्ही कमाल आकडा द्यायचा आणि ते हिशोब करून ब्राइटनेस आपोआप खाली आणतं. हे खरं मोजमाप नाही, अंदाज आहे, पण १० ॲम्पिअरच्या सप्लायवर ३०० एलईडी मी याच्याच भरवशावर चालवतो. आकडा ८००० मिलिॲम्पिअर ठेवलाय, आठ महिन्यांत सप्लाय कोमटच्या वर गेला नाही.

दुसरी डोकेदुखी फ्लिकरिंगची. काही संध्याकाळी मस्त चालायचं, काही संध्याकाळी मधेच कुठलेतरी एलईडी भलत्याच रंगात लुकलुकायचे, आणि मी हात वायरीजवळ नेला की थांबायचे, हात काढला की पुन्हा सुरू, असलं भुताटकीसारखं. कारण साधं होतं. ईएसपी३२ डेटा देतो ३.३ व्होल्टचा आणि ५ व्होल्टवर चालणारी स्ट्रिप 'हाय' मानते ३.५ च्या वरच्यालाच. म्हणजे चालत होतं ते नशिबाने. मधे ७४एएचसीटी१२५ ही छोटी लेव्हल शिफ्टर, म्हणजे ३.३ चा सिग्नल ५ व्होल्टचा करणारी चिप टाकली, बोर्डापासून पहिल्या एलईडीपर्यंतची वायर वीतभर केली, बोर्ड आणि सप्लायचे ग्राउंड नीट जोडले, आणि त्या दिवसापासून एकदाही लुकलुक नाही. पहिल्याच दिवशी टाकली असती तर दोन वीकेंड वाचले असते.

आता सॉफ्टवेअरबद्दल, कारण खरी मजा तिथेच. इफेक्ट शंभराहून जास्त आहेत आणि पहिल्या महिन्यात मी सगळे लावून बघितले. आगीचा इफेक्ट भारी आहे, लाटांचे दोन-तीन चांगले आहेत, बाकी बरेचसे लग्नाच्या मांडवासारखे. एका रात्री मी बाहेर गेलो आणि इंद्रधनुष्य फुल स्पीडला चालू राहिलं, आईचा फोन, "अरे ते तुझं नाचकाम बंद कुठून करायचं, डोळे फिरायला लागलेत." बटणच नव्हतं ना कुठे! सगळं मोबाइलवर. दुसऱ्या दिवशी बोर्डाला साधं पुश बटण जोडलं, एकदा दाबलं की चालू-बंद, दाबून धरलं की ठरवलेला प्रीसेट, म्हणजे आधीच सेव्ह करून ठेवलेला रंग-इफेक्ट. हे आधीच करा, घरात मोबाइलवरून लाइट लावायला कुणालाच आवडत नाही, तुम्हाला सोडून.

रोज काय वापरतो विचाराल तर तीन प्रीसेट. कामाचा, मंद केशरी, आणि झोपायच्या आधीचा जो अर्ध्या तासात हळूहळू विझतो. सेगमेंट हा प्रकार मला सगळ्यात उपयोगी वाटला, एकाच स्ट्रिपचे सॉफ्टवेअरमध्ये तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला वेगळा रंग, वेगळा ब्राइटनेस, वेगळा इफेक्ट. मॉनिटरमागचे ८० एलईडी एक सेगमेंट, शेल्फखालचे दुसरा, उरलेले तिसरा. सूर्यास्ताला आपोआप चालू होण्याचं टायमर आहे, अक्षांश-रेखांश टाकले की वेळ ते स्वतः काढतं.

प्रोग्रॅमिंग येत असेल तर आणखी मजा. बोर्डाला नेटवर्कवरून जेसन, म्हणजे ठरावीक साच्यात लिहिलेला मजकूर पाठवायचा, चालू कर, ब्राइटनेस १२८ ठेव, अमुक सेगमेंट लाल कर, इतकं सरळ, ब्राइटनेस ० ते २५५ मध्ये. मी पायथनच्या दहा-बारा ओळी लिहिल्या, कोडचं बिल्ड सुरू झालं की शेल्फखालचा तुकडा निळा सरकतो, पास झालं की हिरवा, फेल झालं की लाल. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसूनही कळतं. हे मी गंमत म्हणून केलं होतं आणि आज हेच सगळ्यात जास्त वापरतो.

मग हाव सुटली आणि प्रत्येक एलईडीचा रंग कॉम्प्युटरवरूनच पाठवायला घेतला, यूडीपीने (नेटवर्कवर छोटी छोटी पॅकेट पाठवायची पद्धत), आवाजावर नाचवायला. पॅकेटमधला पहिला बाइट प्रोटोकॉल सांगतो आणि दुसरा सांगतो की डेटा थांबला तर किती सेकंदांनी स्ट्रिपने आपल्या नेहमीच्या मोडवर परत जायचं. मी दुसऱ्यात २५५ टाकून ठेवलं, ज्याचा अर्थ कधीच जाऊ नको. स्क्रिप्ट रात्री क्रॅश झाली आणि सकाळी उठून बघतो तर अख्खी भिंत जांभळ्या रंगात गोठलेली. माझीच चूक. आता २ ठेवतो. वायफायवर फ्रेम सेकंदाला ६० पाठवल्या तर मधे मधे अडखळतं, ३० वर छान चालतं, डोळ्याला फरक जाणवत नाही.

आणखी एक आपलंच बावळटपण. नवीन व्हर्जन टाकताना इन्स्टॉलरने "सगळं पुसू का" विचारलं आणि मी हो म्हटलं. प्रीसेट, सेगमेंट, टायमर, सगळं गेलं. सेटिंगमध्ये प्रीसेट आणि कॉन्फिगरेशन दोन्हीच्या बॅकअपची सोय आहे, दोन क्लिकचं काम, ते आधी करा.

न आवडलेलं सांगायचं तर आरजीबी मिसळून केलेला पांढरा. निळसर, ट्यूबलाइटसारखा, हातही त्यात आजारी दिसतो. वाचायला उजेड हवा असेल तर एसके६८१२ चिपची, पांढरा वेगळा असलेली स्ट्रिप घ्या, मी घेतली नाही याचा पश्चात्ताप आहे. एकदम कमी ब्राइटनेसला रंग हळुवार न बदलता पायऱ्या-पायऱ्यांनी बदलतात, ८ बिटमध्ये खाली जागाच उरत नाही. व्हिडिओ कॉलवर मागच्या भिंतीवर कधीकधी पट्टे सरकताना दिसतात. आणि बंद म्हणजे पूर्ण बंद नसतं, काळा रंग दाखवतानाही प्रत्येक चिप १ मिलिॲम्पिअरच्या आसपास खाते, ३०० चे मिळून दीड वॉट चोवीस तास. रिले (बोर्डाने चालवायचा स्विच) लावून सप्लायच तोडता येतो, डब्ल्यूएलईडीमध्ये त्याची सोय आहे, माझं अजून राहिलंय.

सोबत येणाऱ्या चिकटपट्टीबद्दल काय बोलायचं, तिसऱ्या महिन्यात स्ट्रिप पडद्यासारखी लोंबायला लागली. ॲल्युमिनियम चॅनल आणि वर दुधी कव्हर घेतलं तेव्हा कुठे ती भिंतीला राहिली, आणि ठिपके जाऊन सलग पट्टी दिसायला लागली. दिसण्यात सगळ्यात मोठा फरक त्या कव्हरने पडला, कुठल्याच इफेक्टने नाही.

आता तो गठ्ठ्याचा किस्सा. सहाव्या महिन्यात एका संध्याकाळी अर्धी स्ट्रिप अंधारात. १४२व्या एलईडीपर्यंत ठीक, पुढे काही नाही. अशा वेळी दोषी एकतर पहिला न पेटलेला असतो किंवा शेवटचा पेटलेला, कारण स्वतः पेटूनही पुढे डेटा न देणारे असतात. आधी १४३ कापून काढला, नवीन तुकडा स्ट्रिपवरच्या बाणाची दिशा बघून जोडला, काहीच फरक नाही. मग १४२ बदलला आणि उरलेले सगळे पेटले. म्हणजे दोषी स्वतः ऐटीत पेटलेला होता आणि मी शेजाऱ्याला बळी दिला. स्ट्रिपवरच्या तांब्याच्या छोट्या पॅडवर सोल्डर धरायला हात स्थिर लागतो, माझा एक पॅड उखडलाच. १२ व्होल्टच्या डब्ल्यूएस२८१५ला डेटाची दुसरी राखीव वायर असते, एक एलईडी मेला तरी पुढचे चालतात, आणि व्होल्टेज गळण्याचा त्रासही कमी.

पुढच्या खोलीत ८ मीटर लावायचीये, तिथे तीच घेणार. बोर्ड आणि डब्ल्यूएलईडी हेच. वायर मात्र आधी आणून ठेवलीये, बोटाएवढी नाही पण बऱ्यापैकी जाड.