बारीक पक्षीखाद्य (अर्धा किलो पाकीट), सांगली: सुगरणीला चालतं का?

गणपती पेठेत मिळणाऱ्या या मिश्रणात राळे आणि बाजरी जास्त, ज्वारी थोडी, शिवाय सूर्यफुलाचं बी. पाकिटावरचं चित्र मात्र आफ्रिकेतल्या विणकर पक्ष्याचं: पिवळं अंग, काळं डोकं, लाल डोळा. तो सहाराच्या दक्षिणेला राहतो, गावालगतच्या झाडांवर घरट्यांच्या वसाहती करतो. कृष्णाकाठच्या सुगरण नराचं विणीत डोकं पिवळं, गाल-गळा गडद तपकिरी. चोच दोघांचीही जाड, शंकूसारखी, म्हणून चित्र चुकलं तरी राळे-बाजरी बरोबर बसते.

खरी अडचण सूर्यफुलाची. ते पोपटांचं खाणं. सुगरण ते मागे टाकते, पावसात भिजून त्याला बुरशी येते आणि बाकीचं धान्यही नासतं. बिनसूर्यफुलाचं मागा, सुटं देतात.

घेताना वास घ्या. कुबट असेल तर परत करा. घरी चाळून 20 दाणे ओल्या फडक्यात बांधा. चार दिवसांत 15 दाण्यांना तरी मोड आले नाहीत, तर माल जुना. पावसाळ्यात अर्ध्या किलोवर घेऊ नका, टोके होतात. ताटलीला तळाशी भोकं हवीत, आणि उरलेलं रोज संध्याकाळी काढायचं.

विणीच्या काळात नुसत्या दाण्यांवर भागत नाही. पिल्लांना किडे-अळ्या लागतात, तेव्हा कुंपणाच्या झाडांवर फवारणी थांबवा. पिंजऱ्यासाठी सुगरण मात्र कुठेच मागू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे.