'हो, पण…' की सरळ 'नाही'? रीड आणि स्मिथ शेजारी ठेवून बघा

अमेरिकेत मतदार आहात आणि तुमचा खासदार डिफेन्स बिलावर "पाठिंबा आहे, पण…" म्हणाला, तर पुढच्या वेळी त्याला मत द्यायचं का? डिसेंबर २०२४ चं एनडीएए घ्या, म्हणजे अमेरिकेचं दरवर्षीचं डिफेन्स बिल. सिनेटमध्ये (वरचं सभागृह) जॅक रीड, हाऊसमध्ये (खालचं सभागृह) अॅडम स्मिथ, दोघं डेमोक्रॅट, आपापल्या सभागृहाच्या आर्म्ड सर्व्हिसेस (संरक्षण) कमिटीत पक्षाचे सगळ्यात वरचे. आक्षेपही एकाच कलमावर, की सैनिकांच्या १८ च्या आतल्या ट्रान्स मुलांना वंध्यत्व येऊ शकेल असे उपचार ट्रायकेअरमधून, म्हणजे सैनिक-कुटुंबांच्या सरकारी आरोग्य विम्यातून, द्यायचे नाहीत. शेवटी रीड हो, स्मिथ नाही.

पण गंमत म्हणजे कमिटीत नेमकं उलटं झालं होतं. हाऊस कमिटीत बिल ५७-१ ने सुटलं, स्मिथ हो म्हणणाऱ्यांत. सिनेट कमिटीत २२-३, आणि त्या तिघांत खुद्द अध्यक्ष रीड, कारण खर्चाची मर्यादा कायद्याने ठरलेली असताना वर २५ अब्ज डॉलर घातलेले. ते शेवटच्या बिलातून निघाले, आकडा ८९५ अब्जांवर आला. म्हणजे रीडचा एक 'पण' सुटला, दुसरा त्याने गिळला. ट्रान्स मुलांचं ते कलम हाऊसचे स्पीकर, रिपब्लिकन माइक जॉन्सन यांच्या हट्टामुळे राहिलं असं स्मिथचं म्हणणं, आणि ज्या बिलाच्या वाटाघाटीत आपण स्वतः बसलो त्यालाच विरोध करणं सोपं नाही हो.

रीडच्या पारड्यात काय, तर पगार. अगदी खालच्या ई-१ सैनिकाचा मूळ पगार २०२४ मध्ये महिन्याला साधारण २,००० डॉलर होता, तो एप्रिल २०२५ पासून २,३०० च्या वर गेला, आणि ही वाढ याच बिलातली.

स्मिथच्या 'नाही'ने पगार अडला का? नाही. हाऊसमध्ये २८१-१४०, सिनेटमध्ये ८५-१४, दोघांपैकी कुणाचंही मत फिरलं असतं तरी बिल पास झालंच असतं. बायडेननेही २३ डिसेंबरला सही केली आणि सोबत त्या कलमावर नाराजीचं निवेदन काढलं, कलम जागच्या जागी.

मला विचाराल तर या वेळी स्मिथ जास्त पटतो, पण मतं काठावर असती तर मी रीडच्या बाजूने गेलो असतो. तुमच्या खासदाराचं ठरवताना शेवटचं मत सोडा, आधी कमिटीतलं बघा, त्याचा 'पण' तेव्हाही होता की टीव्हीवर आल्यावर सुचला.