फ्रीजमधला बर्फ: नळजोड घ्यावा की टाकी?

बर्फ दोन्हींत सारखाच होतो. फरक आहे तो पाणी साच्यापर्यंत पोचतं कसं, यात. नळजोडाच्या आइस मेकरला मागून पाव इंची नळी येते आणि विजेवरचा व्हॉल्व्ह काही सेकंद उघडून साचा भरतो. टाकीच्या प्रकारात पाणी आपण ओतायचं, पुढचं काम छोटा पंप करतो.

घरात माणसांचा राबता असेल तर नळजोडाला तोड नाही. साधारण सहा महिन्यांनी फिल्टर बदलायचा, त्यानंतरचा पहिला बर्फ टाकून द्यायचा, की झालं.

पण त्याची एक खोड मला फार खटकते: पाणी सोडणाऱ्या नळीचं तोंड गोठणं. दाब कमी पडला किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो नीट मिटला नाही, की पाणी धारेऐवजी थेंबथेंब येतं आणि साच्यात पडण्याआधीच गोठतं. आधी खडे बारीक, पोकळ येतात. मग येतच नाहीत. आरओच्या पाण्यावर जोडलेल्या आइस मेकरला हा त्रास जास्त, कारण आरओनंतर दाब बराच उतरलेला असतो. अशा वेळी प्लग काढावा, पाण्याचा कॉक बंद करावा आणि कोमट पाण्यात पिळलेलं फडकं नळीच्या तोंडाशी धरावं. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर अजिबात नको. नळी फुटते, साच्याचा लेप निघतो. कित्येक मॉडेलांत साच्याला हीटर असतो आणि खडे ढकलणारे दांडे अचानक फिरतात, तेव्हा प्लग लावलेला असताना आत बोटं घालूच नयेत. एवढं करूनही दाब किंवा व्हॉल्व्ह तसाच राहिला, तर नळी पुन्हा गोठणार.

गळतीची धास्ती वेगळीच. प्लॅस्टिकची नळी जुनी झाली की कडक होऊन तडकते, फ्रीज मागे सरकवताना दबते, आणि पाणी पुढे येईपर्यंत पत्ता लागत नाही. स्टीलच्या जाळीची नळी घ्यावी. पाइपला भोक पाडून कसायचा व्हॉल्व्ह टाळून टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणि स्वतंत्र कॉक बसवावा. गावाला जाताना कॉकबरोबर आइस मेकरही बंद करावा.

टाकीची कटकट रोजची, पण डोळ्यांसमोरची. भरायला विसरलं तर बर्फ नाही, एवढंच. पाणी पिण्याचं आणि थंड. सरबत घातलं तर पंप चिकटतो. आठवड्यातून एकदा टाकी मऊ स्पंजनं धुवावी आणि झाकणाच्या रबराखाली बोट फिरवावं. बुळबुळीत लागलं तर रबर काढून घासावं. पाणी जड असेल तर पांढरा थर धरतो. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून टाकी अर्धा तास भिजवली की तो सुटतो. मात्र ते पाणी पंपातून जाऊ देऊ नये.

दिवसाला एखादा डबा बर्फ पुरत असेल, तर माझा कल टाकीकडे. नळजोड घ्यायचाच असेल तर आधी फ्रीजच्या पुस्तिकेत पाण्याचा किमान दाब बघावा आणि नळाचा दाब प्लंबरकडून मोजून घ्यावा.