जुनी पिकअप, तापणारं इंजिन आणि टेंपरेचर गन : गाळप हंगामापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

गाळप हंगाम सुरू झाला तेव्हा ही टेंपरेचर गन (न टेकवता, लांबून धरून वस्तूचं तापमान दाखवणारं यंत्र) घेतली, आता पावसाळा निम्मा सरला. तेवढ्या वापरावरून सांगतो. जुनी गाडी तापत असेल आणि गॅरेजवाला थेट ‘हेड उतरवूया’ (इंजिनाचा वरचा भाग खोलूया) म्हणत असेल, तर त्याआधी हजार-बाराशे रुपये हिच्यावर घालायला हरकत नाही. पण ही नुसते आकडे दाखवते. कुठं धरायची आणि आकडा कशाशी ताडून बघायचा हे ठाऊक नसेल, तर पोरांना खेळायला द्या.

माझी गाडी जुनी डिझेल पिकअप. संगणक-बिंगणक काही नाही, त्यामुळं स्कॅनर लावायचा प्रश्नच येत नाही. काम गुळाचं. गुऱ्हाळावर ३० किलोचे रवे भरायचे आणि मार्केट यार्डात उतरवायचे. उन्हाळ्यात आंबा घाटानं खाली रत्नागिरीला गूळ, येताना हापूस. तक्रार अशी होती की हायवेला कागलपर्यंत तापमानाचा काटा निम्म्यावर गप्प, पण माल भरून पन्हाळ्याकडच्या चढाला लागलं की लाल पट्टीकडं सरकायला लागायचा. गुऱ्हाळावर इंजिन चालू ठेवून थांबलं तरी हळूहळू चढायचा. एका गॅरेजात हेड गॅसकेट (हेड आणि खालच्या इंजिनामधलं सील) गेल्याचं सांगितलं. दुसरीकडं सल्ला मिळाला, ‘थर्मोस्टॅट काढून टाका मालक, आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय!’

हा दुसरा सल्ला आपल्या भागात सर्रास देतात, म्हणून जरा सविस्तर. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी झडप. तो साधारण ८२ अंशांना उघडायला लागतो, आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना रेडिएटरचा रस्ता मोकळा करतो आणि त्याच वेळी बायपासचा रस्ता बंद करतो. काढून टाकला की बायपास कायमचा उघडा. मग थोडं पाणी रेडिएटरकडं न जाता आतल्या आतच फिरत राहतं, आणि गार व्हायच्या ऐवजी गाडी चढाला जास्तच तापू शकते. सपाटीला उलट इंजिन थंड राहतं आणि डिझेल जास्त पितं. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात तापवून बघावा, उघडतो की नाही ते डोळ्यांसमोर दिसतं. माझा उघडला. परत बसवला.

हेड गॅसकेटचंही आधी घरीच बघितलं. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली. गॅसकेट गेलेलं असलं तर पाण्यातून सारखे बुडबुडे येतात, गाडी गरम व्हायच्या आधीच वरचा होस पाइप दगडासारखा कडक होतो, आणि पुढं पुढं ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा धरतो. यातलं एकही नव्हतं. (गरम गाडीचं झाकण मात्र चुकूनही उघडू नका. त्या झाकणामुळं आत दाब राहतो, म्हणून पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सोडलं की ते एकदम उसळून अंगावर येतं.)

मग गन. इंजिन तापवून वरच्या होसवर धरली : ९६. खालच्या होसवर : ९०. रेडिएटरमधून जाऊन पाणी जेमतेम सहा अंश गार होत होतं. रेडिएटरच्या जाळीवर वरून खाली, डावीकडून उजवीकडं फिरवली तर मोठा गार पट्टा कुठंच सापडला नाही. नळ्या आतून चोंदल्या असत्या तर तेवढा भाग गार लागला असता. म्हणजे पाणी फिरतंय, पण त्याची उष्णता न्यायला वारा पुरत नाही. माझ्यासाठी गनचे पैसे इथंच वसूल झाले. त्याच आठवड्यात एक फिटर रेडिएटर रॉडिंगला (खोलून नळ्यांत सळई घालून साफ करायला) टाकायला सांगत होता.

पुढची जाळी काढून टॉर्च मारला. माझ्या गाडीला पुढं इंटरकूलर (टर्बोतून इंजिनात जाणारी हवा गार करणारी जाळी) आणि त्याच्या मागं रेडिएटर आहे. समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ. पण दोन्हींच्या मधल्या बोटभर फटीत बगॅस बसला होता. गुऱ्हाळावर वाळत घातलेल्या चोयट्यांचा उडणारा भुगा, त्यात धूळ, त्यात ऑइलचा ओशटपणा. हातानं सोलला तर घोंगडीच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला, पलीकडच्या बाजूला जाळीच्या पत्र्यांचे ठसे उमटलेले. ऊसपट्ट्यात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकानं हंगामात एकदा तरी ही फट बघावी. पाणी इंजिनकडून बाहेरच्या बाजूला मारायचं, आणि हलक्या दाबानं. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पत्रे आडवे होतात आणि वारा कायमचाच अडतो.

सफाईनंतर दोन होसमधला फरक वाढला, चढ बराच सुधारला, पण उभ्या गाडीला काटा अजून चढतच होता. वेग असला की समोरचा वारा काम भागवतो, उभ्या गाडीला फॅनशिवाय कोण? बेल्ट ताणून बघितला, ठीक होता. गरम इंजिन बंद करून व्हिस्कस फॅन (मधल्या डब्यातल्या तेलाच्या पकडीवर फिरणारा पंखा) हातानं फिरवला तर अडखळायच्या ऐवजी गरागरा फिरला. मधल्या डब्यावर तेलाचे ओघळ होतेच. आतलं सिलिकॉन तेल गेलं की हा फॅन इंजिनाबरोबर जोरात फिरत नाही. तो बदलला आणि उभ्या गाडीची तक्रार संपली.

आता गनच्या खोडी. चकचकीत ॲल्युमिनियमवर ही धडधडीत खोटं बोलते. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर साठ-पासष्ट दाखवत होती आणि त्यालाच जोडलेल्या रबरी होसवर नव्वदच्या वर. चमकणारा धातू उष्णता कमी फेकतो, गन फसते. तिथं मॅट काळ्या रंगाचा ठिपका मारून ठेवलाय, आता आकडे जुळतात. दुसरं, लाल ठिपका फक्त नेम धरायला असतो, मोजला जातो तो त्याच्या आसपासचा गोल. माझ्या गनवर १२:१ लिहिलंय, म्हणजे १२ इंचांवरून एक इंचाचा गोल. बॉनेटबाहेर उभं राहून मोजलं तर शेजारचा गरम पाइपही त्यात येतो. जवळ न्यायची, पण फॅनपासून हात लांब. भर उन्हात पडदा नीट दिसत नाही, ही तक्रार राहणारच.

एक वेगळा फायदा झाला. जुन्या गाडीचा काटा खरं सांगतोय का, ते सेन्सरशेजारी गन धरून ताडता आलं. माझा काटा थोडा जास्तच घाबरट निघाला. पण चढत गेलेला काटा चालू गाडीत अचानक खाली आला तर खूश होऊ नका. पाणी कमी होऊन सेन्सर उघडा पडला की असं होतं, तेव्हा लगेच थांबायचं.

बोअरचं पाणी घालणं बंद केलंय. क्षार आत थर धरतात. आता डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं कूलंट. ते विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळं सांडलेलं तसंच ठेवत नाही. दारात कुत्री असतात.

मे महिन्यात हापूसचे क्रेट भरून साखरप्याहून आंबा घाट चढलो. काटा निम्म्याच्या जरा वर जाऊन तिथंच थांबला. वर आल्यावर गन लावली, वरचा होस ९१. सध्या फक्त कूलंटची पातळी किंचित उतरतेय, आणि वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकातून हिरवा ओघळ दिसतोय, म्हणजे सील गेलं. हे गनला कळत नाही, वाकून बघावं लागतं. नवा पंप सांगून ठेवलाय, गौरी-गणपतीच्या गर्दीआधी बसवून घेणार.